घरावरचे वीस लाख

बाहुबली मगदूमला कुणी "कसं चाललंय?" असं विचारलं, की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "झकास! घरावर वीस लाख हाईत." समोरच्याला वाटायचं, याच्यावर कर्ज आहे. तो बिचारा तोंड पाडायचा. मग बाहूला सगळं समजावून सांगायची संधी मिळायची, आणि त्याला तीच हवी असायची.

बाहू सांगलीच्या यार्डातला हळदीचा व्यापारी. फार मोठा नव्हे, पण हळकुंड मोडून आतला रंग बघून भाव सांगण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गावभागात त्याचं घर माझ्या घराच्या समोर. पहिलीपासून आम्ही एकत्र, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा हक्क मला आहे. पैसा खात्यात पडून राहिला की याला चैन पडायचं नाही. चार पैसे जमले की हळद घेऊन टाकायचा. त्याची बायको त्रिशला सारखी म्हणायची, "आवं, अडीनडीला काय तरी बाजूला ठेवा की."

त्यावर तोडगा काढला मी. तेव्हा मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होतो. घर तारण ठेवायचं, बँक वीस लाखांची लिमिट मंजूर करणार. उचल केली तर व्याज, नाही केली तर काही नाही. "अडचण आली की चेक फाड," असं मी ऐटीत म्हणालो होतो. फॉर्मसुद्धा मीच भरला. स्वतःच्या घरावरही तशीच लिमिट घेतली. सात वर्षांत बाहूने त्यातला एक रुपया उचलला नाही, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! घरातली शेवटची ठेवही त्याने मोडली. वीस लाख असताना ती कशाला हवी, असा त्याचा हिशेब.

त्याचा एकुलता एक मुलगा आर्जव साताऱ्यात कंपनीत नोकरीला. त्याने मेढ्याच्या सृष्टी शेलारशी लग्न ठरवलं. मुलीचे वडील नाथाजी, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. माणूस सरळ, पण घर मांसाहारी, आणि बाहू कांदालसूणसुद्धा न खाणारा जैन. त्याने लग्न मोडलं नाही, हजर राहिला, आणि मांडवात फक्त शहाळ्याचं पाणी प्यायला. तेही स्वतःच्या पिशवीतल्या पेल्यातून. नाथाजींनी ते पाहिलं. मला मात्र त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

गेल्या सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी नऊला सृष्टीचा फोन आला. ती माहेरी होती. आर्जव तिथूनच मोटारसायकलने कामाला निघाला होता. साडेआठच्या सुमारास मेढ्याच्या रस्त्यावर एका टेम्पोने त्याला ठोकलं. माझ्या गाडीने आम्ही दोघे निघालो. त्रिशलाला तिच्या भावासोबत मागून यायला सांगितलं. इस्लामपूर गेलं, कराड गेलं. बाहू एकच वाक्य बोलत होता, "पैशाची काळजी न्हाई, जिनू. पोरगं जगलं पायजे."

सव्वाअकराला आम्ही साताऱ्यातल्या त्या खासगी हॉस्पिटलात पोचलो. डॉक्टर तरुण होते, पण स्पष्ट बोलले. जिवाला धोका नाही. उजव्या गुडघ्यामागची मोठी रक्तवाहिनी चेचली आहे आणि खाली पायाला रक्त जात नाही. अपघातापासून सहा तासांत ती जोडायला हवी, म्हणजे अडीचपर्यंत. ती जोडणारे सर्जन कराडला असतात, यायला तास लागतो. साडेतीन लाख भरले की त्यांना निघायला सांगतो.

काउंटरपाशी नाथाजी उभे होते, हातात कापडी पिशवी. गावातल्या माजी सैनिकांची भिशी होती. त्या महिन्याचा नंबर दुसऱ्या कुणाचा होता. त्या माणसाने "पोराच्या पायापुढं काय" म्हणून आपले पैसे उचलून दिले होते. उरलेले नाथाजींनी घरातून घातले होते.

"पावणं, साडेतीन हाईत," नाथाजी म्हणाले. "आता भरून टाकू. मागनं बघू आपलं."

मी मनात म्हटलं, सुटलो. पण बाहूने हात आडवा केला. आजूबाजूला चार माणसं होती, सृष्टी होती, तिचा भाऊ विश्वजित होता.

"ऱ्हाऊ द्या पावणं. तुमच्यावर भार नको. माझी सोय हाय. घरावर वीस लाख हाईत."

"आवं, भार कसला? जावाय हाय माझा."

"आणि माझा पोरगा हाय. माझ्या पोराचं मी बघतो."

नाथाजींच्या मानेची शीर ताठ झाली. त्यांनी पिशवी विश्वजितच्या हातात दिली. "जा. ज्याचं त्याला देऊन ये. त्याच्या घरी बी काम निघालंय." विश्वजित बहिणीकडे बघत क्षणभर घुटमळला आणि गेला. तेव्हा पावणेबारा झाले होते. मी बाहूला कोपरखळी मारायला हवी होती. मारली नाही.

बाहूने दुकानात मुनीम कीर्तीला फोन केला. सही केलेले चेक तिजोरीत असायचे. "बँकेत जा, साडेतीन लाख हितं पाठीव, लगीच." मग तो बाकावर बसून वाट बघायला लागला. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो. आतून आर्जवच्या कण्हण्याचा आवाज येत होता, तो मधूनच थांबायचा. थांबला की जास्त भीती वाटायची.

बारा वाजून वीस मिनिटांनी कीर्तीचा फोन आला. "मालक, सायेब म्हणत्यात, लिमिट चालू न्हाई."

मी फोन हिसकावून घेतला आणि मॅनेजरला द्यायला लावला. एकेकाळी हा मुलगा माझ्या हाताखाली होता. तो अदबीने बोलला आणि त्या अदबीचाच मला संताप आला. "सर, फेरमूल्यांकनानंतर ती लिमिट स्थगित झाली. गेल्या दिवाळीतच पत्र पाठवलं होतं. आता समितीच्या बैठकीशिवाय मला काही करता येणार नाही." पत्र आलं होतं, हे बाहूलाही आठवलं. दरवर्षी नूतनीकरणाचं येतं तसलंच असेल म्हणून त्याने ते न फोडता ठेवून दिलं होतं.

हे मूल्यांकन कसं झालं, ते मला चांगलं माहीत होतं. आमच्या गल्लीत एक रीत आहे. पूर ओसरला की पाणी कुठवर चढलं होतं तिथे भिंतीवर रंगाची रेघ मारायची आणि शेजारी साल लिहायचं. बाहूच्या दर्शनी भिंतीवर अशा तीन रेघा आहेत. सगळ्यात वरची २०१९ची, त्याच्या डोक्याच्याही वर. बँकेचा माणूस घर बघायला आला तेव्हा बाहूने त्याला चहा पाजला आणि पाहुण्याला दाखवाव्यात तशा हौसेने त्या रेघा दाखवल्या. फोटोत उंची नीट कळावी म्हणून स्वतः रेघेखाली उभा राहिला. आणि मी, तीस वर्षं कर्ज खात्यात घालवलेला शहाणा, शेजारी उभा राहून होडी पहिल्या मजल्याच्या खिडकीला कशी लागली होती ते रंगवून सांगत होतो. तो फोटो अहवालात गेला. पुरात बुडणारं घर म्हणून बँकेने हात आखडता घेतला. बँकेला शिव्या देणं सोपं होतं. मी दिल्याही. पण त्या माणसाने आमच्याच तोंडचं लिहून नेलं होतं.

बाहूच्या खात्यात अकरा हजार होते. बाकी सगळी हळद. त्याने यार्डातल्या दोन व्यापाऱ्यांना फोन लावले. सौद्याची वेळ, कुणी उचलेना. माझ्याकडे साठ हजार निघाले. माझी भिस्तही त्याच बँकेवर होती, आणि त्याच गल्लीतलं घर म्हणून माझीही लिमिट स्थगित झालेली.

बाहू उठला. नाथाजी खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. दहा पावलांचं अंतर असेल. ते तोडायला त्याला किती वेळ लागला! जवळ गेल्यावर त्याने हात जोडले.

"पावणं, माझ्यापाशी काय न्हाई. पोराचा पाय वाचवा."

नाथाजींनी त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, आधी खिशातून फोन काढला. विश्वजितचा नंबर आवाक्याबाहेर. परत लावला. आवाक्याबाहेर. तिकडे डोंगरात रेंज येते नि जाते. सृष्टी एका बाजूने लावत होती, नाथाजी दुसऱ्या बाजूने. साडेबारा झाले, पाऊण झाला. नाथाजी काउंटरवर जाऊन म्हणाले, "मी फौजी आदमी हाय. माझा शब्द घ्या, पिन्शनचं पुस्तक ठेवून घ्या, पण डॉक्टरला निघायला सांगा." काउंटरवरची मुलगी रडवेली झाली. "काका, निदान निम्मे तरी भरा. माझ्या हातात नाही हो." माझे साठ, सृष्टीचे चाळीस, बाहूचे अकरा. निम्मेसुद्धा होईनात.

शेवटी नाथाजींनी मेढ्यातल्या एका किराणा दुकानदाराला फोन करून माणूस पिटाळला. विश्वजित सापडला तेव्हा सव्वा वाजला होता. पैसे देऊन तो पारावर चहा पीत बसला होता. ते परत मागून घेऊन तो साताऱ्यात आला तेव्हा दोनला पाच मिनिटं होती. पावती फाटली, कराडला फोन गेला. सर्जन आले तीनला. आर्जवला आत नेलं तेव्हा साडेतीन वाजत आले होते.

तीन तास शस्त्रक्रिया चालली. बाहेर आल्यावर सर्जन एवढंच म्हणाले, "जोडलंय. पण उशीर झाला. बघू." तोवर त्रिशला पोचली होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिने कुणाला विचारलं नाही. चौथ्या दिवशी पाय काळा पडला. पाचव्या दिवशी गुडघ्याखालून काढावा लागला.

आठव्या दिवशी आर्जव पूर्ण शुद्धीवर, उशीला टेकून बसला होता. आम्ही सगळे खोलीत होतो. तो इंजिनिअर माणूस, वेळा जुळवत होता. "मला साडेआठला लागलं. हितं आणलं सव्वानऊला. मग आत न्यायला साडेतीन का वाजले?"

नाथाजी खाकरले. "आरं, ते मोठं डॉक्टर दुसऱ्या केसमधी अडकल्यालं. ट्रॅफिक बी लय हुतं."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. या म्हाताऱ्याने एका वाक्यात सगळ्यांची सुटका केली होती. सृष्टी बापाकडे बघत राहिली, पण तीही गप्प बसली.

"न्हाई," बाहू म्हणाला. "डॉक्टर अडकलं नव्हतं. पावण्यांनी साडेअकराला सगळं पैसं माझ्याम्होरं धरलं व्हतं. मी नको म्हटलं. मी परत पाठीवलं."

"आवं पावणं, कशाला आता..." नाथाजी पुढे झाले.

"मी परत पाठीवलं, आर्जव," बाहू पुन्हा म्हणाला. "त्यांच्याकडनं घ्यायची लाज वाटली मला. म्हणून तुझा पाय गेला."

आर्जवने चादरीकडे बघितलं, जिथे ती एका बाजूला सपाट होती तिथे. मग म्हणाला, "अप्पा, तुमी घरला जावा."

बाहूने मान हलवली आणि उठला. सवयीने त्रिशलासाठी दारात थांबला. ती मुलाच्या उशाशी बसून होती, तिने वर बघितलं नाही.

"मी हितंच हाय," ती म्हणाली.

बाहू एकटाच जिना उतरला. मी गाडीची किल्ली घेऊन मागोमाग गेलो.