अक्षदाने पुसलेला कोड

अक्षदाच्या हाताला साफसफाईची भारी हौस. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली ही मुलगी लहानपणी गोठा झाडायची, आता महाडच्या ऑफिसात बसून एका संस्थेचा प्रोग्रॅम झाडते. डोंगरातल्या आजारी माणसाला खाली आणायला ही संस्था जीप पाठवते. फोन आला की कुठली जीप कुठल्या वाडीवर जाणार, ते हा प्रोग्रॅम ठरवतो. आधीच्या लोकांनी येता जाता काहीबाही लिहून त्याचा पार उकिरडा केलेला. ज्या कोडला कोणी बोलावत नाही, तरी तो मुक्काम ठोकून बसलेला असतो, त्याला या धंद्यात मेलेला कोड म्हणतात. तो हुडकून काढायचं काम तिच्या साहेबाने, रितेशने, तिच्यावर सोपवलं होतं.

त्या सकाळी तिला एक मोठाच तुकडा सापडला. प्रोग्रॅमभर शोधलं, त्याला हाक मारणारं कोणी नाही. कॉलच्या नोंदी चाळल्या, तिथे त्याचा मागमूस नाही. काढून चाचण्या लावल्या, सगळ्या पास. मग काय, दिला उडवून आणि नवा प्रोग्रॅम केला चालू. "झकास!" रितेश म्हणाला, आणि बाई खुश.

दुपारी डबा उघडते न उघडते तोच आईचा मिस कॉल. बॅलन्स असो नसो, वरच्या वाड्यांत फोन असाच करतात. एक रिंग द्यायची, कट करायचं नि समोरच्याची वाट बघायची. अक्षदाने लगेच परत लावला.

"अगो, तुझ्या गौतमी वहिनीच्या कळा सुरू झाल्या!" आई, आवडी, धापा टाकत होती. "जीपवाल्यांना केव्हाची रिंग देतेय, कोण परत करत नाय. नेहमी लगेच करतात गो!"

अक्षदाला आत्ता उमगलं. सकाळी पुसलेला तुकडा या कट केलेल्या कॉलांसाठीच होता! असा कॉल आला की फोन कंपनीची यंत्रणा बाहेरून त्याला जागं करायची, आणि तो ड्रायव्हरला कळवायचा, या नंबरला फोन कर. आत त्याला बोलावणारं कोणी नसणारच. आणि नोंदीत चढायचे ते फक्त उचललेले कॉल. अहो, जिचं अख्खं बालपण रिंग देऊन कट करण्यात गेलं, तिलाच हे सुचू नये?

महादू ड्रायव्हर पोलादपुरातच उभा होता. त्याला थेट फोन करून तिने वर पिटाळलं. वहिनीची सोय झाली, पण हायसं वाटायच्या आधीच तिला बाकीच्यांची आठवण झाली. आपल्या आईची लेक निदान महाडात बसलीय. सकाळपासून आणखी कोणी कोणी रिंग दिली असेल?

"सर, जुना प्रोग्रॅम परत चढवा. आत्ता!"

"अगं, झालं काय?"

"आधी चढवा, मग हव्या तेवढ्या शिव्या घाला."

तो चढवत होता तोवर तिने फोन कंपनीच्या साइटवर कट झालेले कॉल उघडले. एकच नंबर पुन्हा पुन्हा, शिवथरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. तिने लावला. कोणी उचलेना. परत लावला. देवा, उचला रे कोणीतरी.

"हालो?" म्हाताऱ्या माणसाचा आवाज. हरिबा त्याचं नाव.

"बाबा, जीपच्या हापिसातनं बोलतेय. कोण आजारी हाय?"

"आमची साळू. सकाळी चुलीपाशी पडली गो. तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाय. खांद्यावरनं खाली न्यायला वाडीतले डोली बांधत होते, मीच नको म्हटलं. रिंग गेलीय, गाडी येतेच म्हटलं."

अक्षदाला रडूच फुटलं. रडत रडतच तिने दुसरी जीप धाडली.

वहिनीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. साळूबाईही वाचली, पण तिचा उजवा हात गेला तो गेलाच. सकाळीच आणली असती तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

"त्या म्हाताऱ्याला काय कळणार कोड? सांगायला कशाला जातेस?" रितेश म्हणाला. ती गेलीच. दवाखान्यात हरिबा बायकोला पेज भरवत होता.

"बाबा, तुमची रिंग आमच्यापर्यंत आली होती. ती ड्रायव्हरला कळवायची सोय मीच त्या सकाळी काढून टाकली. मला वाटलं, ती कोण वापरतच नाय. चूक माझी हाय."

हरिबाने चमचा वाटीत ठेवला. "आम्ही तर सगळे रिंगच देतो," तो म्हणाला. "ती तुला दिसत नव्हती?"

"नाय दिसली."

तो शिव्या देईल, हात उगारेल, कशालाही ती तयार होती.

"पुढल्या टायमाला रिंग दिली तर गाडी येल का नाय, तेवढं सांग. नायतर आम्ही डोली बांधू."

"येईल, बाबा."

हरिबाने चमचा उचलला आणि पेज भरवू लागला.