दीड बोट मोठा जोड

मी तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. सतरा वर्षं लोकनिधीच्या ऑफिसात फॉर्म भरून कोण गोड राहील? लोक आपली पुंजी आमच्याकडे ठेवतात, कोणत्या कामासाठी ते लिहून देतात, आणि ते गेल्यावरही व्याजातून ते काम चालू राहतं.

बूटवाले काका आले तेव्हा खुर्चीत बसण्याआधी माझ्या चपलेकडेच बघत होते.

"डावा अंगठा सुटत आलाय, ताई."

"माझ्या अंगठ्याचं राहू द्या. निधी कशासाठी?"

"दरवर्षी बुटांचा एक जोड. माझ्या लेकीला."

"लेक कितवीत आहे?"

"जाऊन चार वर्षं झाली. नऊ वर्षांची होती."

मी जीभ चावली. तरी नियम तो नियम. "काका, एका माणसासाठी निधी काढता येत नाही. आणि गेलेल्या माणसासाठी तर..."

त्यांनी वाद घातला नाही. पिशवीतून तपकिरी बुटांचे चार जोड काढून सरळ माझ्या कागदांवर मांडले. प्रत्येक जोड आधीच्यापेक्षा अर्ध्या बोटानं मोठा. मग एकेक पालथा केला. चारही जोडांचे तळ झिजलेले, आणि उजवी टाच प्रत्येक वेळी बाहेरच्या बाजूनं जास्त.

"ती पाय तसाच टाकायची. वाढदिवसाला नवा जोड दुकानाच्या पायरीवर ठेवतो, सकाळी नसतो. वर्षानं त्याच दिवशी जुना परत आलेला असतो. पाचवा कालच ठेवला." मग खाली बघून म्हणाले, "माझं आता काही खरं नाही, ताई. मी गेल्यावर तिला कोण शिवून देणार?"

कुणाचं तरी पोर म्हाताऱ्याला बनवतंय, असं मी मनाला बजावलं. पण त्या टाचा बघून अंगावर काटा आला तो आलाच. मी लिहिलं, 'अनवाणी शाळेत जाणाऱ्या मुलांना बूट.' आणि खाली बारीक अक्षरात, 'पैकी एक जोड दरवर्षी या तारखेला दुकानाच्या पायरीवर ठेवावा.' साहेब न वाचता सही करतात, हे मला पाठ होतं. माप म्हणून चौथा जोड पट्टीवर धरला आणि आकडा टाकला.

"ताई, ते माप..."

"काका, रकाना एकच आहे आणि मागे चार माणसं ताटकळलीत!"

ते जोड पुन्हा पिशवीत भरू लागले.

थंडीत काका गेले. पुढच्या वाढदिवसाला मी पलीकडच्या गल्लीतल्या बूटवाल्याकडून फॉर्मवरच्या मापाचा जोड शिवून घेतला, बंद दुकानाच्या पायरीवर परत आलेला काकांचा पाचवा जोड उलटून न बघता पिशवीत टाकला आणि नवा तिथे ठेवला. सकाळी तो नव्हता. कुत्र्यांनी नेला असेल, म्हटलं.

त्यानंतरच्या वर्षी, उजाडल्यावर, त्याच मापाचा नवा जोड घेऊन गेले. पायरीवर जुना नीट जोडून ठेवलेला होता. उजवी टाच बाहेरून झिजलेली. मग मी तो हातात घेतला. दोन्ही बुटांची मागची बाजू पार दाबली गेली होती. पुढे बोटांनी चामडं फुगवून उसवलं होतं. पाय मावत नव्हता म्हणून टाच तुडवून पोरीनं अख्खं वर्ष तसंच काढलं होतं.

चौथ्या जोडानंतरचा हा तिसरा वाढदिवस, आणि बाप दरवर्षी अर्धं बोट वाढवत होता. तेच तर सांगायला गेला होता, आणि मी त्याला रकाना दाखवला! भीती वाटायला हवी होती, पण मला लाज वाटली. मी पायरीवर बसून हमसून हमसून रडले.

"हा नको घालूस गं," मी नवा जोड पिशवीत परत टाकत मोठ्यानं म्हटलं. "दीड बोट मोठा आणते. आजच आणते."

आत, बंद फळ्यांमागे, कुणीतरी चालत दारापर्यंत आलं. बुटांचा आवाज नव्हता. उघडे तळवे फरशीवर पडत होते. ते दाराशी येऊन थांबले.

मी पळत सुटले, ती पलीकडच्या गल्लीतल्या बूटवाल्याकडे. पोर अनवाणी उभी होती, घाई करायला हवी होती.