उंदराच्या पिलाचे डोळे आणि होळीचं ग्रहण

“मंग मले पोत्यात बांधून ठेवा,” पुष्पा म्हणाली, “पण त्या कोठीत मी बसत नाही.”

सुनेचं हे उत्तर ऐकून धनीबाईनं हातातला विळा ट्रंकेत टाकला आणि कडी लावली. घरातलं धारेचं सगळं सकाळपासून त्या ट्रंकेत गोळा होत होतं. सुया, कात्री, कांद्याची सुरी, आणि एका गालाची दाढी झाल्यावर नवऱ्याच्या, पूनमसिंगच्या हातातून ओढून घेतलेला वस्तराही. तो अर्धा साबण लावून अंगणात बसला होता आणि येणाराजाणारा त्याच्याकडे बघून हसत होता.

आज होळीचा चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार होता. पुष्पाला सातवा महिना. राळेगावकडच्या या बंजारा तांड्यात पोटुशी बाई ग्रहणात अंधाऱ्या खोलीत गप्प बसते, आणि घरात कुणी काही कापत-चिरत नाही. पण तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या घरापुढे डफ शेकायला लागले होते. लेंगी, म्हणजे गोल धरून नाचत गायची होळीची गाणी, पुष्पा लहानपणापासून पुढं होऊन गायची. पुढच्या होळीला मांडीवर पोर असणार. नाचून घ्यायचं ते आजच, असं तिचं म्हणणं.

तिची बाजू घ्यायला पुण्याहून आलेली नणंद होती. रंजिता मेंदूविज्ञानात संशोधन करायची. डोळ्याच्या आतला पडदा मुळात घडतो कसा, हा तिचा विषय. तांड्यानं मात्र तिला डोळ्याची डॉक्टर ठरवलं होतं. ती आली की मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्या दारात बसायच्या. ती उंदराच्या पिलांचे डोळे बघते हे कळल्यावर एकीनं विचारलं होतं, उंदराले चश्मा लागते का.

रंजितानं आईपुढे फोन धरला. काळ्या वर्तुळात एका कडेला हिरवा उजेड उमलला, सरकत पार पलीकडे गेला, विझला. मग दुसरीकडून निघाला.

“कोणत्या तांड्याची लेंगी हाये ही?” धनीबाईनं विचारलं. “वरून काढली काय?”

रंजिता हसत हसत तुरीच्या पोत्यावरच बसली. पुष्पा पोट धरून हसायला लागली तशी धनीबाईनं तिलाही दटावून बसवलं. हा उंदराच्या पिलाच्या डोळ्याचा पडदा, रंजितानं सांगितलं. पिलू जन्मलंय, पण पापण्या मिटलेल्या. अजून काही म्हणता काही पाहिलेलं नाही. तरी पडद्यातल्या पेशी ताल धरतात. एकीनं ठेका दिला की शेजारची उचलते, तिच्याकडून पुढची. ती लाट मेंदूपर्यंत पोचते आणि पाहायची तयारी अंधारातच होत राहते. माणसाच्या पोराचं हे बहुतेक आईच्या पोटातच होत असावं.

“म्हणजे लेंगीच ना,” धनीबाई म्हणाली. “मी काय वेगळं म्हटलं?”

पण ती हसली नाही. तिची नजर थोरल्या पोराकडे, पुष्पाच्या नवऱ्याकडे, शामकडे गेली. त्याचा डावा डोळा तिरळा. तो पोटात असताना धनीबाईनं ग्रहणात अंबाडीची भाजी चिरली होती, आणि सासूनं ते मरेपर्यंत तांडाभर सांगितलं. तेव्हापासून या घरात अंबाडी शिजली नव्हती.

“मी भाजी कापली नसती तरी याचा डोळा असाच राह्यला असता?”

“कशानं झाला ते मले नाही सांगता येत, याडी,” रंजिता म्हणाली. “पण ग्रहणानं नाही. भाजीनं तर नाहीच. चंद्रावर आपल्या धरतीची सावली पडते, बस. ती पोटात कुठून जाईन?”

“मले काय तकलीफ हाये?” शाम म्हणाला. “एका डोळ्यानं बायको दिसते, एकानं भाकर.”

पुष्पानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. धनीबाईला आधी नुसती उचकी लागल्यासारखं झालं. मग ती हसायला लागली ती थांबेचना. पदर तोंडात कोंबला, भिंतीला टेकली, खाली बसली. मेलेल्या सासूच्या नावानं गोरबोलीत दोन अस्सल शिव्या घातल्या आणि पुन्हा हसली. इतकी वर्षं अंबाडी सोडली, म्हणाली, आणि मले ती किती आवडे. तिला काय झालं म्हणून पूनमसिंग साबणासकट आत आला.

बाहेर डफावर पहिली थाप पडली. धनीबाई उठली, डोळे पुसले, पदर कमरेला खोचला.

“पुष्पा लेंगीत गाईन,” ती घराला म्हणाली. “मी तिच्या बाजूले नाचन. भाकरी शाम टाकन.”