टाकीतला सा

मीनल काल दुपारी गेली.

टाकीत गातानाचा तिचा व्हिडिओ सकाळपासून पुन्हा फिरतोय. खाली लोक रडके इमोजी टाकतायत. व्हिडिओ छानच आहे.
तिला मात्र तो शेवटी शेवटी बघवत नसे. का, ते लिहून ठेवते.

मीनल माझी कॉलेजातली मैत्रीण, नंतर शेजारीण. मुलुंडला आमची चार मजल्यांची जुनी बिल्डिंग. ती एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायची. लहानपणी पार्ल्याला गाणं शिकली होती, मग सुटलं. चारचौघांत कधी गायली नाही. गणपतीच्या आरतीला सुद्धा मागे उभी.

गच्चीवर आमची पाण्याची टाकी आहे. सिमेंटची, एका खोलीएवढी. वर्षातून दोनदा ती रिकामी करून घासतात. आदल्या दिवशी बोर्डावर नोटीस लागते आणि लोक बादल्या, पातेली, कुकर, मिळेल ते भरून ठेवतात.

घासून झाल्यावर, पाणी सोडायच्या आधी, टाकी थोडा वेळ मोकळी असते.

त्या वेळात मीनल आत उतरायची.

एकदा मीही तिच्यामागे शिडी उतरले. आत गारवा. ब्लीचिंगचा वास. वर झाकणाएवढं चौकोनी आकाश. ती मधोमध अनवाणी उभी राहिली, सा लावला आणि थांबली.

सा भिंतींपर्यंत गेला. कोपऱ्यांतून वळला. परत आला तेव्हा तो तिचा राहिला नव्हता. लांबून, पाण्याखालून कुणीतरी उत्तर द्यावं तसा आला.

तो पूर्ण विरेपर्यंत तिने पुढचा सूर लावला नाही.

माझे पाय जमिनीवर होते. तरी मला वाटलं, टाकी भरलेली आहे आणि आपण तरंगतोय.

वर आमचे सेक्रेटरी सावंतकाका वॉल्व्हपाशी असायचे. खालून त्यांना फोनवर फोन. मग ते झाकणातून डोकवायचे.
"गाणा झाला काय गो? लोक आंघोळीचे रवलेत."
एवढं बोलून कर्तव्य झालं की कठड्यावर बसून ऐकत राहायचे.

मग एका वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या प्रियाने वरून व्हिडिओ काढला. मीनलला विचारून टाकला.

तो कुठच्या कुठे गेला.

मीनल खूश झाली. का नाही होणार? आठवडाभर फोन हातातून सुटला नाही. कमेंट आम्हाला वाचून दाखवायची. एकाने विचारलं होतं, हा इफेक्ट कुठल्या अ‍ॅपचा? ती हसून हसून दमली. म्हणाली, सांगू का त्याला, महापालिकेचा?

कोणी लिहिलं, पुढच्या वेळी पांढरी साडी नेसा. कोणी फोन करून म्हणालं, टाकीत दिवे लावून शूट करू. ती नाही म्हणाली, पण लगेच नाही म्हणाली.

पुढच्या सफाईला ती नवा कुर्ता घालून आली. काय गायचं ते ठरवून. प्रिया फोन घेऊन झाकणाशी, अर्धी बिल्डिंग गच्चीवर. मीनल सुरेख गायली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

वर आल्यावर तिने विचारलं, "बरं झालं ना?"

हे तिने आधी कधीच विचारलं नव्हतं.

संध्याकाळी माझ्याकडे चहाला आली. कप तसाच राहिला. मग म्हणाली,
"आज टाकी ऐकूच आली नाही गं. लोक ऐकू येत होते."

मी म्हटलं, होतं असं कधी कधी.
"वाट लागली यार," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळे भरले होते.

त्यानंतर नोटीस लागली की मीनल इतरांसारख्या आपल्या बादल्या भरून ठेवायची, गच्चीवर यायची नाही. घरीही गुणगुणणं बंद झालं. तिच्या नवऱ्याने मला हळूच सांगितलं, घर फार शांत झालंय. मला कळत होतं. तिच्या आत काहीतरी होतं, त्याला आता प्रेक्षक बसले होते, आणि ते उठत नव्हते.

मग आजारपण. केमो. आवाज बसला.

गेल्या दिवाळीनंतर टाकी घासली तेव्हा ती भिंत धरत धरत गच्चीवर आली. डोक्याला स्कार्फ. सावंतकाका घाबरले. म्हणाले, पडलंस तर मी तोंड खंय दाखवू?
ती म्हणाली, "काका, शिडी घट्ट धरा. बोलू नका."

प्रिया होती. मीनलने तिला सांगितलं, काढायचं तर काढ. प्रियाने फोन काढला नाही.

मीनल उतरली. मी झाकणाशी वाकून बसले.

आवाज नाही. कबुतरं, खालचा रस्ता, एवढंच. अंधारात तिचा स्कार्फ तेवढा दिसत होता, स्थिर. मी कान देऊन ऐकलं. काहीच नाही. खालून फोन आला, काकांनी उचलला नाही.

खूप वेळाने ती शिडीशी आली. आम्ही दोघांनी तिला वर घेतलं. कठड्यावर बसवलं. धाप लागली होती.

मी विचारलं, "गायलीस?"
"हो."
"आम्हाला ऐकू नाही आलं गं."
"मला आलं," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले. काकांनी वॉल्व्ह फिरवला.

ती काय गायली ते मला माहीत नाही.

मीनल, भरल्या मनाने निरोप.
ये गं.