पुन्हासांगा ताई

माझ्या नणंदेला रस्त्यात कोणी ओळखत नाही. पण त्यांनी भाजीवाल्याला नुसतं "टोमॅटो कसे दिले?" विचारलं, की शेजारी उभी असलेली एखादी मुलगी कानातला इअरफोन काढून गर्रकन वळते. "अय्या, पुन्हासांगा ताई!" आणि मग वन्सं पिशवी सांभाळत अशा काही लाजतात की विचारू नका.

आमचे हे एका संस्थेच्या ऑनलाइन कोर्सवर भौतिकशास्त्र शिकवतात. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांच्यासाठी आहे तो कोर्स. दिवसभर राबणारी माणसं, व्हिडिओ बघत बसायला वेळ कुणाला? म्हणून संस्थेने सांगितलं, धड्यांचे पॉडकास्ट करा, लोक काम करता करता ऐकतील. झालं! ह्यांनी मधल्या खोलीच्या दाराला गादी टेकवली, पंखा बंद, आवाज येतो म्हणून माझा फ्रीजसुद्धा बंद. दूध नासलं ते नासलं, आणि पहिला धडा असा झाला की मी मटार सोलता सोलता पेंगायला लागले.

दुसऱ्या धड्याला वन्सं धुतलेले कपडे ठेवायला त्या खोलीत गेल्या. ह्यांचं चाललं होतं, प्रवाह असा जातो आणि असा परत येतो. वन्संना राहवलं नाही. "अरे, पण दिवा लागला म्हणजे वीज संपली ना? मग परत काय येतं? पुन्हा सांग बघू."

हे चिडले. पण ते रेकॉर्डिंग चुकून तसंच संस्थेकडे गेलं, आणि तिथल्या मॅडमचा फोन आला: त्या बाई कोण? त्यांना प्रत्येक धड्यात घ्या. मुलांना नेमकं हेच विचारायचं असतं!

वन्संची शाळा आठवीत सुटली. आई अंथरुणाला खिळली, धाकटा भाऊ लहान, मग कोण करणार? पुढे शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करून त्यांनी ह्यांना शिकवलं. लग्नाचं राहूनच गेलं. हे सगळं त्या कधी बोलून दाखवत नाहीत. उलट मीच एखाद्या दिवशी भांडणात ह्यांना ऐकवते.

तर प्रश्न ह्यांनी लिहून द्यायचे आणि वन्संनी वाचायचे. "कळलं नाही सर, पुन्हा सांगा." त्यावरून मुलांनी नाव पाडलं. पण गंमत अशी, की वन्संना कळायला लागलं होतं. कणीक मळताना त्या कानात तेच धडे लावायच्या. एकदा ताटं मांडता मांडता म्हणाल्या, "सायकलच्या साखळीसारखं आहे रे हे. साखळी काही संपत नाही, होती तेवढीच फिरते. पण चाक फिरवायची ताकद पोचवून येते." हे घास तसाच हातात धरून बघत राहिले. पुढच्या धड्यात ते उदाहरण आलं. ह्यांच्या तोंडी. वन्संच्या वाट्याला नेहमीचंच, "पुन्हा सांगा."

मी म्हटलं, "अहो, हे तर त्यांचं आहे!"

"अगं, तिच्या तोंडी घातलं तर विद्यार्थिनी कोण उरली मग?" हे म्हणाले. वन्सं हसल्या. त्यांना त्यात काहीच वाटलं नाही, किंवा तसं दाखवलं नाही.

मग एका विशेष भागात संस्थेच्या मॅडमनी ह्यांना विचारलं, ताईंना खरंच काही कळत नाही का हो? हे रंगात आले होते. म्हणाले, "छे हो, सगळं मी लिहून देतो. ती फक्त वाचते." स्वयंपाकघरात वन्सं कानात तो भाग लावून कप पुसत होत्या. तो कप त्यांनी जरा जास्तच वेळ पुसला.

थोड्या दिवसांनी त्या म्हणाल्या, "मला कोर्सची परीक्षा द्यायचीय." ऐकून शिकायचं आणि बोलून सांगायचं, अशी ती तोंडी परीक्षा, फोनवर. हे जरा चपापले, पण फॉर्म ह्यांनीच भरला. परीक्षेच्या वेळी मुद्दाम खाली जाऊन फेऱ्या मारत राहिले, उगाच कोणी म्हणायला नको की भावाने सांगितलं. वन्संनी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली. फोनवर कोण बघणार होतं? पण नेसल्या.

फोन स्पीकरवर होता. वन्संचा आवाज ऐकताच परीक्षक खळखळून हसले. "अरे वा, पुन्हासांगा ताई! आधी एकदा म्हणा ना तुमचं ते." वन्संनी म्हणून दाखवलं. मग परीक्षकांनी विचारलं, दिव्यातून गेल्यावर प्रवाह संपतो का? वन्संचा चेहरा उजळला. साखळीचं सांगितलं, अगदी सावकाश, नीट.

"ताई, हे सरांचं उदाहरण आहे. मी ऐकलंय." आवाज बदलला होता. "समोर कागद आहे का?"

"नाही हो. ते माझंच आहे."

"सर स्वतः म्हणालेत, तुम्ही वाचता."

त्यानंतर वन्संना एकही उत्तर धड देता आलं नाही. येत होतं, पण त त प प झालं. निकाल राखून ठेवला, पुढच्या सत्रात पुन्हा बसा म्हणाले. मला इतका संताप आला की मी फोनवरच त्या माणसाला झापणार होते. वन्संनी हात धरला.

ह्यांना कळल्यावर हे तडक फोन घेऊन बसले. मेल केले, फोन केले, साखळी तिचीच म्हणून छातीठोक सांगितलं. उत्तर आलं, भाऊ म्हणून आपण असं म्हणणं स्वाभाविक आहे. ह्यांचं जेवणावरून मन उडालं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी ह्यांना डोळे पुसताना पहिल्यांदा पाहिलं.

वन्संनी मधल्या खोलीत जाणं सोडलं. मुलांचे मेसेज येत राहिले, ताई कुठे आहेत?

शेवटी हे एक दिवस कागद घेऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. लहानपणी शाळेतून प्रगतिपुस्तक आणत असतील, तसेच. "ताई, या वेळी उलटं करू. तू शिकव. मी विचारीन. साखळी तुझ्या तोंडी आहे, बघ."

वन्संनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मी गादी दाराशी ओढायला निघालेच होते.

"छान आहे," त्या म्हणाल्या. कागदाची घडी घालून तो त्यांनी ह्यांच्या हातात परत दिला. "पण बाळा, हेही तूच लिहिलंयस."

त्या दिवशी फ्रीज बंद करावा लागला नाही.