कांदेनवमी आणि आत्यांचा डोळा

चातुर्मासात आमच्या घरात कांद्याला शिवायचंही नाही. म्हणून त्याआधीच्या कांदेनवमीला सगळं घर कांद्यावर तुटून पडतं. भजी, थालीपीठ, झुणका, आणि कांदा चिरायचा मान आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. पण यंदा नेमकं आठवडाभर आधी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, डोळा चोळायचा नाही, धुरात जायचं नाही आणि कांदा तर अजिबात नाही.

झालं, विळी माझ्या गळ्यात आली. मी कांदा नुसता सोलला तरी रडते. आत्या काळा चष्मा लावून आतल्या खोलीतनं हुकूम सोडत होत्या. "दातात भाकरीचा तुकडा धर." धरला, आणि खाऊन टाकला. "डोक्यावर ओला फडका घे." पाणी पाठीत उतरलं, डोळे वाहायचे ते वाहिलेच. "बुडखा शेवटी काप की गं, लई शिकलेली तू." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आता गप पडा बघू."

तेवढ्यात नवरा मोबाईलवर बघून शहाणपण घेऊन आला. टेबलफॅन पाठीमागं लावायचा, म्हणजे झोंबणारा वास पुढं निघून जातो. लावला, आणि खरंच की, डोळ्यांत टिपूस नाही. मी खुशीत गुणगुणत पातेलंभर कांदा चिरला. वास पुढं जातो म्हणजे कुठं जातो, हे आमच्या दोघांच्याही टाळक्यात आलं नाही. पुढं आत्यांच्या खोलीचं दार होतं, सताड उघडं.

"अगं, डोळा लई झोंबतुया," आत्या म्हणाल्या. बघते तर चष्म्याखालून धार लागलेली. तसेच तिघं रिक्षात बसलो. नवी पेठेत गर्दीत अडकलो तेव्हा मी नवऱ्याला शिव्या घालत होते आणि रडत होते. डोळा गेला तर या बाईला मी काय तोंड दाखवणार होते?

डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, थेंब घातले आणि विचारलं, "आजी, समोर काय दिसतंय?"

"सून रडतीया," आत्या म्हणाल्या. "आणि पदराला कांद्याचं सालपट चिकटलंय तिच्या."

मी खाली बघितलं. होतं, नखाएवढं. मी तिथंच त्यांच्या गळ्यात पडले, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच.

"लांब हो, हाताला कांद्याचा वास येतुया," त्या म्हणाल्या, पण मला सोडलं नाही.