शेगडी दुरुस्त झाल्यावरचा चहा

किस्से कसे साठतात, सांगू? बर्नरखालच्या ताटलीत दूध साठतं ना, तसे. रोज थोडं उतू जातं, रोज आपण म्हणतो उद्या पुसू, आणि एक दिवस ताटली उचलायला जावं तर ती शेगडीलाच चिकटलेली! माझं तसंच झालंय. मुलुंडला गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं एक दुकान आहे, तिथे मी फोन घेते. लग्नाआधी तात्पुरती म्हणून बसले, ती बसलेच. आणि एवढ्या वर्षांत मला एकच गोष्ट कळली. शेगडी सुधारते. माणूस सुधारत नाही.

दुकान दत्ताकाकांचं. काका मालवणकडचे, इतकी वर्षं मुंबईत राहून बोलणं मात्र तिकडचंच. ते, मेकॅनिक सुहास आणि मी, एवढाच आमचा पसारा. दुकानाचे नियम दोन. दुरुस्त केलेल्या प्रत्येक शेगडीवर आमच्या फोन नंबरचा स्टिकर लावायचा, हा पहिला. दुसरा जास्त कडक. दुरुस्ती झाली की गिऱ्हाइकाने त्याच शेगडीवर चहा करायचा आणि मेकॅनिकने तो प्यायचा. चहा उकळेपर्यंत ज्योत निळी राहिली, कुठे वास आला नाही, तरच काम झालं.

"चाय पोटात गेल्याबिगर काम पुरा झाला म्हणान मानूचा नाय," काका म्हणतात.

सुहासला ॲसिडिटी आहे. पण नियम म्हणजे नियम!

* * *

बोरिवलीहून एका बाईंचा फोन आला. शेगडी पेटवली की काहीतरी जळाल्याचा वास येतो. गॅसचा नाही, जळल्याचा. भाजी करपते म्हणावं तर भाजी झकास होते. नवऱ्याचं म्हणणं, हिचं नाकच बिघडलंय. त्यावरून घरात अबोला.

मुलुंडहून बोरिवलीला जायचं म्हणजे सुहासचा अर्धा दिवस गेला. गेला बिचारा. शेगडी बघितली आणि कपाळावर हात मारला. शेगडीच्या स्टीलवर कंपनीचं पातळ प्लॅस्टिक असतं, ते तसंच होतं! बर्नरभोवती जळून काळं झालेलं, कडेला गुंडाळी झालेली, पण होतं. आता आपल्याकडे रिमोट पिशवीत, सोफा चादरीत, हे मी समजू शकते. पण जिच्यावर जाळ लावायचा तिच्यावरही प्लॅस्टिक?

सुहासने ते एका ओढीत सोलून काढलं. बाईंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"अहो, हे काय केलंत! नवीन होती ना ती!"

* * *

गॅसचा वास आला तर काय करायचं, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. रेग्युलेटर बंद करा. खिडक्या उघडा. दिव्याच्या बटणाला हात लावू नका, पंख्याच्याही नाही. काही पेटवू नका. घराबाहेर पडा आणि मग कंपनीच्या तातडीच्या नंबरवर फोन करा. दुकानात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय. लोक तिथे उभे राहून वाचतात, माना डोलावतात आणि घरी जातात.

एकदा घाटकोपरहून एक आजी बोलत होत्या. "अगं, स्वयंपाकघरात गॅसचा फार वास येतोय गं."

मी म्हटलं, "आजी, आधी रेग्युलेटर बंद करा."

"करते ना. पण आधी तो वास तर जाऊ दे. अगरबत्ती लावतेय."

मी घाईने विचारलं, "लावली?"

"कुठली लावतेय! काडेपेटीच सापडत नाहीये मेली!"

"आजी, ती सापडू देऊ नका!!"

मी इतक्या जोरात ओरडले की रस्त्यापलीकडचा इस्त्रीवाला धावत आला. आजी मात्र रागावल्या. देवाधर्माच्या गोष्टीत असं तोडून बोलू नये म्हणाल्या. पण बोलता बोलता रेग्युलेटर बंद केला आणि जिन्यात जाऊन बसल्या, तेवढं नशीब.

* * *

दिंडोशीचा किस्सा सुहास सांगत नाही, मीच सांगते. तिथे एका कॉलनीत दोन भाऊ, एकच घर, एकच स्वयंपाकघर. भांडण झालं आणि शेगडीची वाटणी झाली. डावा बर्नर थोरल्याचा, उजवा धाकट्याचा. मधे भिंत घालता येईना म्हणून दोघांच्या बायकांनी चिकटपट्टीची रेघ मारलेली.

धाकट्याचा बर्नर बिघडला. सुहास गेला, तर थोरल्याची बायको मधे उभी. "आमच्या बाजूला हात लावायचा नाही हं!"

"ताई, पण आतला पाइप एकच आहे. मी काय अर्धी शेगडी उघडू?"

मग फोनवर फोन, वाद, कोर्टात जायच्या धमक्या. कोर्ट तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे धमकीला जोरही होता! शेवटी सुहासने दोघांची परवानगी घेऊन शेगडी उघडली, दुरुस्त केली आणि नियमाप्रमाणे म्हणाला, "आता चहा ठेवा."

धाकटीने उजवीकडे ठेवला. ते बघून थोरलीनेही हट्टाने डावीकडे ठेवला. सुहासला दोन्ही प्यावे लागले. तो कप ठेवून निघाला, तेव्हा आतल्या खोलीतून त्यांची म्हातारी आई हळूच दारात आली. तिने रेघेच्या दोन्ही बाजूंना बघितलं आणि विचारलं, "माझा चहा कुठल्या बाजूला आहे रे?"

सुहासने परत येऊन हे मला एकदाच सांगितलं.

* * *

आणि घाटकोपरचे ते आजोबा! सुहास विंग चुकला. 'ए'ऐवजी 'बी'मध्ये गेला, बेल दाबली. एका आजोबांनी दार उघडलं. "शेगडी बघायला आलोय," म्हटल्यावर "या या" म्हणून थेट आत नेलं. सुहासने शेगडी पूर्ण उघडली, साफ केली, कॉकला ग्रीस लावलं, साबणाचं पाणी लावून नळी तपासली. कुठे काही दोष सापडेना. आजोबा शेजारी स्टूल घेऊन बसलेले, त्यांचं बोलणं चाललेलं. मग त्यांनी चहा केला, बिस्किटं काढली, मुलाचे परदेशातले फोटो दाखवले.

तेवढ्यात 'ए' विंगमधल्या बाईंनी दुकानात फोन करून मला फैलावर घेतलं. मी सुहासला फोन लावला. त्याची पार वाट लागली.

"आजोबा, तुमची शेगडी बिघडलीच नव्हती? मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंच नाहीत," आजोबा म्हणाले. "आणि मीही बऱ्याच दिवसांत कोणाबरोबर चहा घेतला नव्हता."

अजूनही त्यांचा फोन येतो. "बिघडली नाहीये अजून. पण एकदा येऊन बघून जा."

* * *

आता काकांच्या घरची शेगडी. मेकॅनिकच्या घरची शेगडी कधी धड नसते, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. काकांच्या घरी डावा बर्नर कायम पिवळा जळायचा, भांडी काळी व्हायची. सुलभाकाकू दुपारी डबा घेऊन दुकानात यायच्या, डबा आपटायच्या आणि आम्हा दोघांसमोर सुनवायच्या, "गावभर शेगड्यो पेटयत फिरता, आणि घरची मातर तशीच!"

"बघतंय गो उद्या," काका म्हणायचे. आम्ही हसायचो. काकूंच्या तिसळ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्यासाठी मी माझा डबा मुद्दाम अर्धाच आणायचे.

मग डबा उशिरा यायला लागला. एकदा रिकामाच आला. एकदा काकू दुकानावरून पुढे निघून गेल्या आणि सुहासने त्यांना नाक्यावरून परत आणलं. घरी दुधाचं पातेलं जळून काळं झालं. पाणी न घालताच कुकर चढला. आणि एके दिवशी काका घरी पोचले तर गॅसचं बटण चालू, ज्योत नाही, आणि काकू शांतपणे लसूण सोलत बसलेल्या.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बरा होत नाही तेही सांगितलं. मुलगा बंगळुरूहून आला आणि म्हणाला, "बाबा, शेगडी काढून टाका. डबा लावा."

काका मला म्हणाले, "रजनी, शेगडी काढून टाकलंय तर ती सकाळची उठतली कशाक गो?"

त्यांनी शेगडी काढली नाही. ओट्याखाली, तांदळाच्या डब्यामागे, नळीला एक जास्तीचा कॉक बसवला. तो बंद केला की वरचं बटण कितीही फिरवा, गॅस येत नाही. सकाळी दोघं मिळून स्वयंपाक करायचे. मग काका गुपचूप तो कॉक बंद करून दुकानात यायचे. दिवसभर एक शेजारीण येऊनजाऊन काकूंवर लक्ष ठेवायची.

काकू दुपारी शेगडी पेटवायला जायच्या. ती पेटायची नाही. आणि शेगडीवर आमच्या नंबरचा स्टिकर!

पहिल्या पहिल्यांदा फोन यायचा, "रजनी, तुझ्या काकांका सांग, घरची शेगडी पेटणा नाय." मी "सांगते" म्हणायचे. पुढे पुढे माझं नाव गेलं. मग एकदा त्या अगदी शुद्ध मराठीत, परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "हे शेगडीवाल्यांचं दुकान ना? माणूस पाठवता का?" मी फोन ठेवला आणि रडले. काका समोरच एका बर्नरची भोकं टाचणीने साफ करत होते. त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

* * *

गेल्या महिन्यात पुन्हा तसाच फोन आला. "माणूस पाठवा हो. आमचे हे जेवायला येतील आणि शेगडी बंद आहे." आवाज रडवेला होता. सुहास बाहेर होता. काकांनी हत्यारांची पिशवी उचलली. माझ्याने राहवेना, मीही दुकानाचं शटर ओढलं आणि बरोबर गेले.

खिशात किल्ली होती, तरी काकांनी बेल दाबली.

दार काकूंनीच उघडलं. आमच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. "या. किती वाट बघायची! चपला बाहेर काढा."

काकांनी चपला बाहेर काढल्या. ओट्याखाली वाकून तांदळाचा डबा सरकवला, कॉक उघडला. बर्नर उचलून पुसला, नळीला साबणाचं पाणी लावलं. तो डावा बर्नर! त्याचं जेट काढून स्वच्छ केलं, हवेची झडप नीट लावली. मग बटण फिरवून लायटर ओढला. ज्योत निळीशार आली.

"पेटली बघा," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून असलं मराठी मी कधी ऐकलं नव्हतं.

"पेटली!" काकूंचा चेहरा उजळला. "आता थांबा. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. तसा नियम असतो."

काका हात बांधून ओट्याशी उभे राहिले, ज्योतीवरची नजर हलवली नाही. काकूंनी आलं किसलं, चहा उकळला, गाळला. माझ्या कपात दोन चमचे साखर घातली. काकांच्या कपात घातलीच नाही. काकांना मधुमेह आहे.

काकांनी चहा पिऊन कप खाली ठेवला. काकू जवळ आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या,

"आमचे हेसुद्धा हेच काम करतात हो. पण घरच्या शेगडीला हात लावतील तर शपथ! तुम्ही येऊन गेलात हे त्यांना सांगू नका हं. वाईट वाटेल त्यांना."

"नाही सांगत, बाई," काका म्हणाले.